इन्व्हेंटरी स्कॅनमध्ये ड्राइव्ह एन्क्रिप्शनची नोंद चुकीची येते आहे. ‘नाही’ म्हणजे नक्की काय समजायचं?

मोजणीदार

नमस्कार मंडळी. दोन आठवडे एकाच रकान्याच्या मागे लागले आहे, म्हणून आता इथे विचारते.

आमच्याकडे २१२ मशीन्स आहेत. बहुतेक विंडोज लॅपटॉप, थोडे सर्व्हर, थोडे लिनक्स आणि चार मॅक. नेटवर्कवरून इन्व्हेंटरी स्कॅन रोज रात्री चालतो. मशीनवर एजंट (स्कॅनरचा स्वतःचा छोटा प्रोग्रॅम) नाही, स्कॅनर डब्ल्यूएमआयने (विंडोजची स्वतःबद्दल माहिती देणारी सोय) विंडोजला आणि एसएसएचने (लांबून कमांड चालवण्याची सोय) बाकीच्यांना विचारतो. अहवालात ‘ड्राइव्ह एन्क्रिप्टेड’ असा एक रकाना आहे. त्यात १५१ ठिकाणी ‘होय’ आणि ६१ ठिकाणी ‘नाही’ आहे.

त्या ६१ पैकी एक लॅपटॉप माझ्या शेजारच्याच टेबलावर होता. उचलला, ॲडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडला, बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या ड्राइव्ह एन्क्रिप्शनची, ‘मॅनेज-बीडीई -स्टेटस’ ही कमांड चालवली. सी ड्राइव्ह पूर्ण एन्क्रिप्टेड, प्रोटेक्शन चालू, टीपीएम (मशीनमधली सुरक्षा चिप) आणि रिकव्हरी पासवर्ड दोन्ही प्रोटेक्टर, म्हणजे ड्राइव्ह उघडण्याचे मार्ग, जागेवर. अहवालात मात्र ‘नाही’. आणखी तीन तपासले. दोन तसेच निघाले, तिसऱ्यावर खरंच एन्क्रिप्शन नव्हतं. म्हणजे सगळेच ‘नाही’ खोटे आहेत असंही म्हणता येत नाही.

स्कॅन दोनदा पुन्हा चालवला, डब्ल्यूएमआय सेवा रीस्टार्ट केली, फायरवॉल पाहिला. त्याच मशीनची रॅम, डिस्कचा आकार, सिरीयल नंबर, बसवलेले प्रोग्रॅम हे सगळं बिनचूक येतं. फक्त एन्क्रिप्शन चुकतं. कुणाला असा अनुभव आहे का?

कळफलक

‘बाकी सगळं येतं, फक्त हेच येत नाही’ हे तुमचं वाक्य फार कामाचं आहे.

रॅम, डिस्क, प्रोसेसर ही माहिती डब्ल्यूएमआयच्या ‘रूट\सिमव्ही२’ या नेमस्पेसमध्ये, म्हणजे माहितीच्या एका खोलीत, असते. बिटलॉकरची माहिती तिथे नसते. ती खाली वेगळ्या नेमस्पेसमध्ये आहे, ‘रूट\सिमव्ही२\सिक्युरिटी\मायक्रोसॉफ्टव्हॉल्यूमएन्क्रिप्शन’. तिथला क्लास ‘विन३२_एन्क्रिप्टेबलव्हॉल्यूम’. या दुसऱ्या खोलीचे नियम कडक आहेत. एक तर विचारणाऱ्या खात्याला त्या मशीनवर ॲडमिनिस्ट्रेटरचे हक्क लागतात. दुसरं, लांबून विचारताना जोडणी ‘पॅकेट प्रायव्हसी’ पातळीची, म्हणजे वाटेतला मजकूरही एन्क्रिप्ट होणारी असावी लागते. यातलं एक जरी कमी पडलं तरी वरच्या खोलीतली उत्तरं मिळत राहतात आणि खालच्या खोलीचं दार बंद राहतं.

मुद्दा असा की तुमच्या स्कॅनरला ‘नाही’ हे उत्तर मिळालेलंच नसेल. त्याला ‘प्रवेश नाही’ असं उत्तर मिळालं असेल, आणि त्याने रकान्यात ‘नाही’ भरून टाकलं असेल. स्कॅनरच्या लॉगमध्ये त्या लॅपटॉपच्या नावापुढे ८००४१००३ किंवा ८००७०००५ हे क्रमांक शोधा. दोन्हींचा अर्थ प्रवेश नाकारला.

सर्व्हरखोली

कळफलक यांना +१. आणखी एक क्रमांक शोधा, ८००४१००ई. त्याचा अर्थ ‘असं नेमस्पेसच अस्तित्वात नाही’. विंडोज सर्व्हरवर बिटलॉकर हे मुद्दाम बसवावं लागणारं फीचर आहे. ते बसवलेलं नसेल तर ती खोलीच बांधलेली नसते. आणि ८००६ने सुरू होणारा ८००७०६बीए दिसला तर मशीनपर्यंत पोहोचताच आलं नाही, आरपीसी (लांबच्या विंडोजशी बोलण्याची वाट) अडलं. मशीन बंद असेल नाहीतर फायरवॉल आडवा आला असेल.

तिन्हींची कारणं वेगळी, उपाय वेगळे. अहवालात मात्र तिघांनाही एकच शब्द मिळतो.

कळफलक

सर्व्हरखोली, घाईत एक चूक झाली आहे तुमच्याकडून, तो क्रमांक ८००७ने सुरू होतो, ८००६ने नाही. पूर्ण क्रमांक तुम्ही बरोबर दिला आहे. कुणी शोधताना अडकू नये म्हणून लिहिलं.

सर्व्हरखोली

बरोबर, धन्यवाद. ८००७०६बीए.

मोजणीदार

लॉग पाहिले. तपशिलात लिहिते, कारण इथे मला काहीतरी वेगळंच दिसलं.

६१ पैकी ४२ विंडोज लॅपटॉपपुढे ८००४१००३ आहे. आठ सर्व्हरपुढे ८००४१००ई. सहा मशीन्स लिनक्सची. उरलेल्या पाच लॅपटॉपांची गोष्ट वेगळी आहे, त्यांच्याबद्दल नंतर विचारते.

आता त्या ४२ ची गंमत नव्हे, गाठ सांगते. ते ४२ एका विभागातले नाहीत, एका मॉडेलचे नाहीत, विंडोजची आवृत्तीही वेगवेगळी. पण अहवाल ‘पहिल्यांदा दिसलं’ या तारखेनुसार लावला आणि चित्र लख्ख झालं. ते सगळे एका विशिष्ट आठवड्यानंतर आमच्याकडे आले आहेत. त्याआधीचा एकही नाही.

त्या आठवड्यात आम्ही स्कॅनरचं खातं बदललं होतं. आधी तो डोमेन ॲडमिन, म्हणजे सगळ्या मशीन्सवर पूर्ण हक्क असलेल्या खात्याने चालायचा. सुरक्षेच्या दृष्टीने ते वाईटच होतं, म्हणून मीच मागे लागून मर्यादित हक्कांचं खातं करून घेतलं. त्याला ‘रूट\सिमव्ही२’ लांबून वाचण्याची परवानगी दिली. खालच्या नेमस्पेसचा विचार कुणीच केला नव्हता, मीसुद्धा.

कारण सापडलं असं वाटतं आहे. पण मग जुन्या मशीन्सना ‘होय’ कसं येतं? त्यांनाही तेच खातं विचारतं ना?

तपासनीस

ताई, तुमचा शेवटचा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा आहे. तो सोडू नका.

मी सुरक्षा तपासणीचं काम करतो. जुन्या मशीनपैकी कुठलंही एक घ्या आणि कालच्या रात्रीच्या लॉगमध्ये त्याच्यापुढे काय आहे ते पाहा. माझा अंदाज, तिथेही ८००४१००३च असेल. बऱ्याच इन्व्हेंटरी प्रणालींत एखादी चौकशी फसली की त्या रकान्यातलं जुनं मूल्य तसंच ठेवतात. नवीन मशीनकडे जुनं मूल्यच नसतं, रिकामी जागा असते, आणि अहवाल तयार होताना रिकाम्या जागेचं ‘नाही’ होतं. म्हणजे एकाच चुकीने नव्या मशीनला खोटं ‘नाही’ मिळतं आणि जुन्या मशीनला कदाचित खोटं ‘होय’.

लोक खोट्या ‘नाही’वर आरडाओरडा करतात, कारण ते लाल रंगात दिसतं. खोटं ‘होय’ हिरवं असतं. त्याच्याकडे कुणी पाहत नाही.

मोजणीदार

पाहिलं. तुम्ही म्हणता तसंच आहे.

जुन्या विंडोज मशीन्सपुढे रोज रात्री ८००४१००३ आहे, गेले सात महिने. अहवालातली ‘शेवटचा स्कॅन’ ही तारीख कालची दिसते, कारण बाकीची माहिती कालच आली. पण एन्क्रिप्शनचा रकाना सात महिन्यांपूर्वीचा आहे. एकाच ओळीत दोन वेगळ्या काळांची माहिती शेजारी शेजारी बसली आहे आणि वर तारीख एकच.

हाच अहवाल मी दर महिन्याला सही करून वर देत होते. काल रात्री नीट झोप लागली नाही.

आता उपाय काय करावा? पुन्हा डोमेन ॲडमिन देण्याची माझी तयारी नाही.

सर्व्हरखोली

प्रत्येक मशीनवर स्कॅनरसाठी लोकल ॲडमिन खातं करता येईल. पण लोकल खात्याने लांबून आलात तर यूएसी (विंडोजचं हक्कांवरचं नियंत्रण) त्याचे हक्क छाटतं, ॲडमिन असूनही साध्या वापरकर्त्याचे हक्क मिळतात. ते टाळायला रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात) ‘लोकलअकाउंटटोकनफिल्टरपॉलिसी’ हे मूल्य १ करावं लागतं.

तपासनीस

हे कृपया करू नका. ती छाटणी मुद्दाम ठेवलेली आहे. एका मशीनवरून चोरलेल्या लोकल ॲडमिनच्या हॅशने (पासवर्डच्या साठवलेल्या रूपाने) दुसऱ्या मशीनमध्ये शिरणं अवघड व्हावं, हा तिचा उद्देश. एक अहवाल दुरुस्त करण्यासाठी दोनशे मशीन्सवर ती काढून टाकणं म्हणजे रोगापेक्षा उपचार भयंकर.

सर्व्हरखोली

पासवर्ड प्रत्येक मशीनवर वेगळा आणि आपोआप बदलणारा असेल तर धोका बराच कमी होतो. पण एजंटशिवायच्या स्कॅनरला दर मशीनचा वेगळा पासवर्ड पुरवणं हे स्वतःच एक काम आहे, हे मान्य. तुमचं म्हणणं पटलं, मी माझा सल्ला मागे घेतो.

कळफलक

मग दिशा उलटी करा. स्कॅनरने आत जाऊन विचारण्याऐवजी मशीननेच स्वतःची स्थिती लिहून ठेवावी. ग्रुप पॉलिसीने (सगळ्या मशीन्सना एकदम सेटिंग पाठवण्याची सोय) एक शेड्यूल्ड टास्क, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम, लावा. तो सिस्टिम खात्याने चालेल, त्यामुळे हक्कांचा प्रश्नच नाही. तो ‘विन३२_एन्क्रिप्टेबलव्हॉल्यूम’ला स्थानिक पातळीवर विचारेल आणि उत्तर रजिस्ट्रीत ठरलेल्या जागी लिहील. स्कॅनरच्या मर्यादित खात्याला फक्त ती एक की (रजिस्ट्रीतली जागा) वाचायची परवानगी द्या.

लिहिताना वेळही लिहा. तुमचा आजार जुन्या माहितीचा आहे, त्यामुळे ‘हे उत्तर कधीचं’ हा रकाना उत्तराइतकाच मोलाचा.

आणि होय-नाही लिहू नका, मूळ आकडे जसेच्या तसे लिहा. निदान हे तीन तरी:

‘प्रोटेक्शनस्टेटस’. ० म्हणजे संरक्षण बंद, १ म्हणजे चालू, २ म्हणजे सांगता येत नाही. ड्राइव्ह लॉक असेल तर २ येतं.

‘कन्व्हर्जनस्टेटस’. ० म्हणजे एन्क्रिप्शन नाही, १ म्हणजे पूर्ण, २ म्हणजे एन्क्रिप्शन चालू आहे, ३ म्हणजे उलट काम, डिक्रिप्शन चालू आहे. ४ आणि ५ म्हणजे तीच दोन कामं मध्येच थांबलेली.

‘एन्क्रिप्शनमेथड’. ३ आणि ४ जुने एईएस, १२८ आणि २५६ बिट. ६ आणि ७ एक्सटीएस-एईएस, पुन्हा १२८ आणि २५६. ५ दिसलं तर थांबा, त्याचा अर्थ काम डिस्कच्या हार्डवेअरवर सोपवलं आहे. २०१८ साली नेदरलँड्समधल्या रॅडबाउड विद्यापीठाच्या संशोधकांनी काही एसएसडींच्या हार्डवेअर एन्क्रिप्शनमधल्या गंभीर त्रुटी दाखवल्या होत्या, आणि पुढच्याच वर्षी विंडोजने हार्डवेअरवर आपोआप विसंबणं सोडलं. जुन्या मशीनवर ५ अजून सापडू शकतं.

सर्व्हरखोली

कमांडचं उत्तर मजकूर म्हणून वाचून त्यातून शब्द शोधू नका, हे मी अनुभवाने सांगतो. ‘मॅनेज-बीडीई’ विंडोजच्या भाषेत उत्तर देतं. इंग्रजीतला ‘प्रोटेक्शन ऑन’ शोधणारी स्क्रिप्ट जर्मन विंडोजवर ‘नाही’ म्हणते. शिवाय इंग्रजीतही ‘फुली एन्क्रिप्टेड’ आणि ‘यूज्ड स्पेस ओन्ली एन्क्रिप्टेड’ अशी दोन वेगळी वाक्यं येतात. आमच्या आधीच्या स्क्रिप्टला फक्त पहिलं माहीत होतं. कारखान्यातून आलेल्या बहुतेक नव्या लॅपटॉपवर दुसरं असतं. झालं, सगळे नवे लॅपटॉप लाल.

आणि स्क्रिप्ट ३२ बिटच्या प्रोसेसमधून चालत असेल तर ‘मॅनेज-बीडीई’ सापडतच नाही. ३२ बिटच्या प्रोग्रॅमला ‘सिस्टिम३२’ मागितलं की विंडोज गुपचूप ‘सिसवाव६४’मध्ये नेतं, आणि तिथे ही फाइल नसते. ‘सिसनेटिव्ह’ असा मार्ग द्यावा लागतो.

मोजणीदार

सर्वांचे आभार. टास्क लावला, आज चार दिवस झाले.

सुरुवातीला काहीच येईना. सर्व्हरखोली, तुमचा ३२ बिटचा मुद्दा रजिस्ट्रीलाही लागू पडला. माझी स्क्रिप्ट ३२ बिटच्या पॉवरशेलमधून चालत होती, त्यामुळे की ‘वाव६४३२नोड’खाली जाऊन बसली आणि स्कॅनर भलतीकडे शोधत होता. तुमचा प्रतिसाद वाचला नसता तर दोन दिवस गेले असते.

आता ४२ पैकी ३१ लॅपटॉपांवर प्रोटेक्शन १, कन्व्हर्जन १. ते खोटे ‘नाही’ होते. दोन लॅपटॉपांवर ०, ०. ते खरे ‘नाही’, आजच काम सुरू केलं.

पण नऊ लॅपटॉप असे आहेत की प्रोटेक्शन ० आणि कन्व्हर्जन १. एकाजवळ बसून पाहिलं, १०० टक्के एन्क्रिप्टेड, ‘यूज्ड स्पेस ओन्ली’, पद्धत एक्सटीएस-एईएस १२८, आणि खाली प्रोटेक्टरच्या जागी ‘एकही सापडला नाही’. हे काय आहे? एन्क्रिप्टेड म्हणायचं की नाही?

कळफलक

म्हणायचं नाही.

हे नवेकोरे लॅपटॉप असणार आणि त्यांच्यावर लोकल खात्याने लॉगिन झालं असणार. नव्या विंडोजमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन सेटअपच्या वेळीच सुरू होतं. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून त्यासाठीच्या हार्डवेअरच्या अटी सैल झाल्या, त्यामुळे हे दृश्य आता जास्त दिसतं. डेटा खरोखर एन्क्रिप्ट होतो. पण रिकव्हरी की कुठेतरी सुरक्षित जमा होईपर्यंत विंडोज कुलूप लावत नाही, कारण किल्ली हरवली तर मालकच बाहेर राहील. तोवर डेटाची किल्ली ज्या किल्लीने झाकलेली असते ती उघडी, डिस्कवरच ठेवलेली असते. तिला ‘क्लिअर की’ म्हणतात. सेटिंग्जच्या पानावर ‘वेटिंग फॉर ॲक्टिव्हेशन’ असं दिसतं ते हेच.

थोडक्यात, दाराला कुलूप आहे आणि किल्ली त्याच कुलपात लटकते आहे. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली की उघडते.

मायक्रोसॉफ्ट खात्याने किंवा ऑफिसच्या एंट्रा खात्याने लॉगिन केलं, की रिकव्हरी की तिथे जमा होते आणि संरक्षण चालू होतं. किंवा तुम्ही स्वतः टीपीएम आणि रिकव्हरी पासवर्ड हे प्रोटेक्टर जोडा, पासवर्ड तुमच्या डिरेक्टरीत साठवल्याची खात्री करा, आणि मग प्रोटेक्टर चालू करा. साठवणं आधी, चालू करणं नंतर. हा क्रम उलटा करू नका. पुन्हा एन्क्रिप्ट करण्याची गरज नाही, काही क्षणांत होतं. तुमच्या धोरणात २५६ बिट सक्तीचं असेल तर मात्र सगळं डिक्रिप्ट करून नव्याने करावं लागेल.

तपासनीस

इथे एक गोष्ट जोडतो. ‘प्रोटेक्शन ०, कन्व्हर्जन १’ हे आकडे आणखी एका स्थितीत येतात, संरक्षण तात्पुरतं थांबवलेलं असेल तेव्हा. फर्मवेअर अपडेटच्या आधी हे करावं लागतं. फरक असा की तिथे प्रोटेक्टर यादीत दिसतात, फक्त निष्क्रिय असतात. म्हणून प्रोटेक्टरची संख्याही टास्कमधून लिहा. शून्य असेल तर मशीन कधी सुरक्षित झालंच नव्हतं. दोन असतील आणि तरी प्रोटेक्शन ० असेल, तर कुणीतरी थांबवलं आणि परत चालू केलं नाही.

पेंग्विनप्रेमी

लिनक्सच्या सहा मशीन्सबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून मी बोलतो. स्कॅनर तिथे काय विचारतो?

मोजणीदार

रूट जिथे माउंट आहे ते उपकरण बघतो आणि त्याचा प्रकार ‘क्रिप्टो_लक्स’ (लक्स हे लिनक्सचं ड्राइव्ह एन्क्रिप्शन) आहे का हे पाहतो. उत्तर ‘ईएक्सटी४’ येतं, म्हणून ‘नाही’.

पेंग्विनप्रेमी

वाटलंच. माउंट झालेलं उपकरण हे सगळ्यात वरचा मजला असतं, तिथे फाइल सिस्टिमच दिसणार. लक्स तळमजल्यावर असतं. नेहमीची रचना अशी की डिस्कचं पार्टिशन, त्यावर लक्स, त्यावर एलव्हीएम (जागा वाटून देणारा थर), आणि त्यावर ईएक्सटी४ ही फाइल सिस्टिम. ‘एलएसबीएलके -एस’ला ते रूटचं उपकरण द्या, म्हणजे तो झाड उलटं दाखवतो, वरून खाली. त्या साखळीत कुठेही ‘क्रिप्ट’ प्रकार आला तर रूट एन्क्रिप्टेड.

‘बूट’ पार्टिशन वेगळं आणि उघडं असणं बऱ्याच वितरणांत नेहमीचं आहे. ईएफआय पार्टिशन तर उघडंच असावं लागतं, नाहीतर मशीन सुरूच होणार नाही. ‘एकही उघडं पार्टिशन सापडलं तर नाही’ असा नियम लावलात तर एकही मशीन कधीच पास होणार नाही. उलट फक्त रूट पाहिलं आणि ‘होम’ वेगळ्या डिस्कवर उघडं असेल, तर खरा डेटा निसटेल. दोन्ही पाहा. स्वॅपही पाहा, मेमरीतलं बरंच काही तिथे उतरतं.

मोजणीदार

सहापैकी पाच ठिकाणी साखळीत ‘क्रिप्ट’ सापडलं. सहाव्यावर रूट आणि होम दोन्ही ठीक, स्वॅप मात्र उघड्या पार्टिशनवर. तुम्ही सांगितलं नसतं तर मी त्याला ‘होय’ दिलं असतं.

आता त्या पाच लॅपटॉपांबद्दल. जुनेच आहेत, कधी काळी डब्ल्यूएमआयने त्यांच्याबद्दल स्वच्छ उत्तर दिलं होतं, प्रोटेक्शन ०. टास्कही तेच सांगतो, ०, ०. पण सुरू करताना ते विंडोजच्या आधी पासवर्ड मागतात.

कळफलक

व्हेराक्रिप्ट किंवा तशाच एन्क्रिप्शनच्या दुसऱ्या प्रोग्रॅमचं काम आहे. ‘विन३२_एन्क्रिप्टेबलव्हॉल्यूम’ला फक्त बिटलॉकर कळतं. त्याला विचारलं की तो म्हणणार, माझ्याकडून काही नाही. ते खरंच आहे, फक्त तुमच्या प्रश्नाचं उत्तर नाही. तिथे त्या त्या प्रोग्रॅमकडूनच स्थिती घ्यावी लागेल, आणि प्रोग्रॅम बसवलेला आहे एवढ्यावर ‘होय’ देऊ नका. बसवलेला असणं आणि सिस्टिम ड्राइव्ह त्याने झाकलेला असणं यात अंतर आहे.

धूसरनिळा

मॅक चार आहेत म्हणालात. ते ‘होय’मध्ये आहेत का?

मोजणीदार

हो, चारही. आमचीच छोटी स्क्रिप्ट आहे. टी२ (ॲपलची सुरक्षा चिप) किंवा ॲपल सिलिकॉन (ॲपलचा स्वतःचा प्रोसेसर) दिसलं की ‘होय’.

धूसरनिळा

मग तिथेही पाहा. त्या मॅकवरची आतली साठवण हार्डवेअर नेहमीच एन्क्रिप्ट करतं, हे खरं. पण फाइलव्हॉल्ट (मॅकमधलं ड्राइव्ह एन्क्रिप्शनचं सेटिंग) बंद असेल तर ती उघडायला वापरकर्त्याचा पासवर्ड लागत नाही, मशीन स्वतःच उघडतं. ‘डिस्कयूटिल’च्या एपीएफएस यादीत अशा व्हॉल्यूमपुढे फाइलव्हॉल्ट ‘नाही’ आणि शेजारी ‘ॲट रेस्ट एन्क्रिप्टेड’ अशा अर्थाची टीप येते. चिप सुटी काढून वाचणाऱ्यापासून बचाव होतो, पण तुमच्या धोरणाला जे हवं आहे ते हे नाही. ‘एफडीईसेटअप स्टेटस’ विचारा, ते सरळ सांगतं.

मोजणीदार

दोन मॅकवर फाइलव्हॉल्ट बंद निघालं. दोन्ही ‘होय’ होते.

तपासनीस

आठ सर्व्हरचं काय ठरवलंत?

मोजणीदार

ते आठही व्हर्च्युअल मशीन्स (गेस्ट) आहेत, खऱ्या सर्व्हरवर (होस्टवर) चालणारी. खालच्या होस्टची साठवण एन्क्रिप्टेड आहे असं स्टोरेज सांभाळणारे सहकारी म्हणतात. गेस्टच्या आतून ते दिसणार नाही. ‘लागू नाही’ असं लिहू का?

तपासनीस

माझ्या मते नको. ‘लागू नाही’ लिहिलं की तो विषय कायमचा झाकला जातो. ‘होस्टवर, तपासलं अमुक तारखेला’ असं लिहा आणि होस्टच्या नोंदीशी जोडा. उद्या एखादं मशीन दुसऱ्या होस्टवर हललं तर नोंदही हलायला हवी.

सर्व्हरखोली

मी इथे थोडा वेगळा विचार करतो. आठ मशीन्ससाठी ठीक आहे, पण शेकड्यांनी व्हर्च्युअल मशीन्स असतील आणि ती रोज इकडून तिकडे हलत असतील तर ही हाताने सांभाळायची नोंद महिन्याभरात शिळी होते. गेस्टच्या रकान्यात ‘होस्टकडे पाहा’ एवढंच ठेवावं आणि पुरावा होस्टच्याच ओळीत असावा.

तपासनीस

तुमची पद्धत जास्त टिकाऊ आहे. पुरावा एकाच जागी असावा एवढाच माझा आग्रह होता.

मोजणीदार

आता जुन्या ‘होय’बद्दल, ज्यासाठी मी सगळ्यात जास्त धास्तावले होते.

टास्क आता मॅक आणि लिनक्स सोडून जवळजवळ सगळ्या लॅपटॉपांवरून उत्तर देतो आहे. सात महिने शिळं असलेलं ‘होय’ बहुतेक ठिकाणी आजही खरं निघालं. चार ठिकाणी निघालं नाही.

तीन लॅपटॉपांवर प्रोटेक्शन ०, कन्व्हर्जन १, प्रोटेक्टर दोन. तपासनीस यांनी सांगितलेली दुसरी स्थिती, थांबवलेलं संरक्षण. शोध घेतला तर फर्मवेअर अपडेटची आमची जुनी स्क्रिप्ट सापडली. तिच्यात संरक्षण थांबवताना रीबूटकाउंट ० दिलं होतं. लिहिणाऱ्याला वाटलं असेल शून्य म्हणजे लगेच परत चालू. त्याचा अर्थ बरोबर उलटा आहे, कुणी हाताने चालू करेपर्यंत बंदच. स्क्रिप्टच्या शेवटी चालू करणारी ओळ होती, पण या तीन मशीन्सवर अपडेट मध्येच थांबलं आणि ती ओळ कधी चाललीच नाही. आता तिथे १ घातलं आहे. एका रीस्टार्टनंतर विंडोज स्वतःच संरक्षण चालू करतं, शेवटची ओळ चालो न चालो.

चौथा लॅपटॉप मी स्वतः उघडून पाहिला. प्रोटेक्शन ०, कन्व्हर्जन ०, काहीच नाही. त्याची एसएसडी खराब झाली होती, बदलली, विंडोज नव्याने घातलं, एन्क्रिप्शन राहून गेलं. आणि अहवालात बघा काय होतं. त्याच ओळीत डिस्कचा सिरीयल नंबर नवीन एसएसडीचा, कारण तो रोज रात्री नीट येत होता. त्याच्या शेजारच्या चौकोनात ‘एन्क्रिप्टेड: होय’, ते काढून टाकलेल्या जुन्या डिस्कबद्दल. दोन चौकोनांत बोटभर अंतर. पाच महिने मी ती ओळ पाहत होते.

चारही मशीन्स आज सुरक्षित केली. रिकव्हरी की डिरेक्टरीत पोहोचल्याचंही एकेक करून पाहिलं.

कळफलक

डिस्कचा सिरीयल नंबर बदलला की एन्क्रिप्शनचा रकाना आपोआप रिकामा करायचा, असा नियम स्कॅनरमध्ये घालता आला तर घाला.

मोजणीदार

घातला. चौकशी फसली तर जुनं मूल्य ठेवायचं नाही, हेही केलं. आता रकान्यात ‘होय’, ‘नाही’ आणि ‘माहिती नाही’ असे तीन शब्द आहेत, आणि प्रत्येकाला स्वतःची तारीख आहे, ओळीची नव्हे. सात दिवसांहून जुनं ‘होय’ आपोआप ‘माहिती नाही’ होतं. थांबवलेलं संरक्षण ‘नाही’मध्येच मोजते, त्याचं कारण शेजारी दिलं आहे.

या महिन्याच्या अहवालात ‘होय’ची संख्या घटलेली दिसेल, म्हणून सोबत एक पानभर खुलासा जोडला. मागच्या सात अहवालांतला हा रकाना विश्वासार्ह नव्हता, हेही त्यात लिहिलं.

तपासनीस

ते लिहिलंत हे फार चांगलं केलंत. आता ‘माहिती नाही’ किती उरले आहेत?

मोजणीदार

एक. एक सहकारी सहा आठवडे बाहेर आहेत, त्यांचा लॅपटॉप आमच्या नेटवर्कवर आलेला नाही, त्यामुळे पॉलिसीही पोहोचली नाही आणि टास्कही. जुन्या अहवालात तिथे ‘होय’ होतं. त्यांना आज फोन केला, सेटिंग्जचं पान उघडायला सांगितलं आणि पडद्यावर काय लिहिलं आहे ते वाचून घेतलं. चालू आहे म्हणाले. पण ते ऐकीव आहे, म्हणून रकान्यात अजून ‘माहिती नाही’च ठेवलं आहे. सोमवारी ते व्हीपीएनवर येतील.